अकरा फुटांवरची चकती

आर्डिस हाउगेनने दुकानात शिरताच पर्समधून निळ्या लोकरीचा धागा काढला. एक टोक टीव्हीच्या मांडणीच्या पायाला बांधलं आणि दुसरं हातात धरून ती मागे मागे चालत गेली. धागा ताठ झाला तिथे थांबली. अकरा फूट. घरी ऑर्व्हिलच्या पलंगापासून टीव्हीच्या फळीपर्यंत एवढंच अंतर होतं. मग तिने चष्मा काढून खिशात टाकला, कारण तिला चष्म्याशिवाय जेवढं दिसायचं, साधारण तेवढंच तिच्या नवऱ्याला चष्मा लावून दिसत असे.

"मॅडम, चष्मा काढून टीव्ही निवडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," दुकानातला विक्रेता म्हणाला. डेस्मंड त्याचं नाव. उबदार टेक्सासहून महिन्यापूर्वीच मिनेसोटातल्या डलूथला आलेला, आणि आत हीटर चालू असतानाही गळ्यात मफलर.

"पडद्यावरचे हे पोपट आणि फुलं बघायला नाही आले मी," आर्डिस म्हणाली. "तुम्हाला फार त्रास नसेल तर हॉकी लावता येईल का?"

आर्डिसच्या दृष्टीने हीसुद्धा उद्धटपणाची हद्द होती. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं, पण पगारवाढ कधी मागितली नाही. पित्ताशय काढायचं होतं तेव्हा स्वतःच गाडी चालवत इस्पितळात गेली, शेजारणीला कशाला उठवा म्हणून. आमच्या उत्तर मिनेसोटात माणसं अशीच असतात. कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'छे, कशाला', आणि तिसऱ्यांदा विचारलं तर 'बरं, अर्धा कप'. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणाऱ्याला आम्ही तोंडावर काही बोलत नाही, पण त्याचं नाव वर्षभर लक्षात ठेवतो. मला विचाराल तर हा शुद्ध आडमुठेपणा आहे, आणि मीही तसाच वागतो.

पण आज नेहमीसारखं वागून चालणार नव्हतं. २००९च्या फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेअकरा. संध्याकाळी चारला सेंट पॉलमध्ये मुलींच्या शालेय आइस हॉकीचा राज्याचा अंतिम सामना होता आणि गोलमध्ये तिची नात सिग्ने उभी राहणार होती. ऑर्व्हिलने चाळीस वर्षं गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करण्याचं यंत्र चालवलं. सिग्नेला चौथ्या वर्षी स्केट्सवर त्यानेच उभं केलं. प्रत्येक सामन्यानंतर तो तिला बाकावर बसवून तिच्या चुका सांगायचा, कौतुकाचा शब्द नाही. पोरगीही रागावत रागावत ऐकायची. मग त्याचं हृदय थकलं, नाकात ऑक्सिजनची नळी आली, आणि पाठोपाठ डोळे अधू झाले. घरातल्या जुन्या खोक्यासारख्या टीव्हीवर त्याला पांढरं मैदान आणि इकडून तिकडे पळणारे डाग दिसत. काळी रबरी चकती तर दिसतच नसे.

उपांत्य सामन्यानंतर सिग्नेचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "छान खेळलीस." सिग्नेने आजीला फोन द्यायला सांगितलं आणि तिथे तिचा बांध फुटला. "आजी, मी अगदी गचाळ खेळले गं. बाकीच्या पोरींनी वाचवलं. आजोबा आता परक्या माणसासारखं छान छान म्हणतात मला."

फोनचा आवाज मोठा होता. ऑर्व्हिलने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचा मोसम त्याच्या वाट्याला नाही, हे डॉक्टरांनी आर्डिसला नीट समजावून सांगितलं होतं. म्हणजे आजचा सामना शेवटचा. आर्डिसने शेजारच्या व्हर्नाला त्याच्याजवळ बसवलं आणि सकाळीच गाडी काढली. दुपारी एकपासून हिमवादळ येणार, असं रेडिओ बजावत होता.

डेस्मंडने कुठल्याशा कॉलेजचा जुना सामना शोधून लावला. सगळ्यात स्वस्त टीव्हीवर चकती पळाली की मागे राखाडी फरकाटा उठायचा. सगळ्यात मोठ्यावर चकती सुरेख दिसत होती, पण तो ना परवडणारा, ना घरात मावणारा. मधला बत्तीस इंची, नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा. आर्डिसने डोळे बारीक केले. चकती कठड्यावर आपटली, वळली, खेळाडूच्या काठीला चिकटली. तिला प्रत्येक वेळी दिसली.

"हाच," ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. अकरा फूट मोजले होते, पण फळीची रुंदी मोजायची राहिली होती. एका बाजूला ऑक्सिजनचं यंत्र, दुसऱ्या बाजूला खिडकी. "घरी एक फोन करून येते. पैसे टाकायचा फोन दारापाशी आहे ना?"

"हा शेवटचाच आहे, मॅडम. तुमच्या नावाने बाजूला ठेवू?"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? ठेवतो की."

"नको हो, राहू दे."

आणि ती उभी राहिली. तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत, चेहऱ्यावर 'बरं, ठेवा मग' तयार ठेवून. डेस्मंड हसला, मान डोलावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. बिचाऱ्याचं काय चुकलं? बाई दोनदा नको म्हणाल्या, त्याने ऐकलं.

व्हर्नाने टेपने फळी मोजली. टीव्ही दोन बोटं राखून बसत होता. आर्डिस जवळजवळ धावतच परत आली, तर मांडणीवरची जागा रिकामी. टीव्ही एका ढकलगाडीत होता आणि ढकलगाडीच्या दांड्यावर एका धिप्पाड माणसाचे हात होते.

"गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात काय झकास दिसेल!" तो बायकोला सांगत होता. "एकीकडे मासे, एकीकडे मॅच."

"मासे बघतील मॅच. तू घोरत पडशील, रॉजर," बायको म्हणाली. मग तिचं लक्ष आर्डिसकडे गेलं. "तुम्ही घेणार होतात का हा?"

"नाही नाही," आर्डिस म्हणाली. "मी आपली नुसती बघत होते."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. दुसरं दुकान शोधायला वेळ नव्हता. काचेबाहेर पहिले कण उडायला लागले होते. ढकलगाडी हलली.

"पण मॅडम, तुम्ही तर हाच म्हणालात ना!" डेस्मंड गोंधळून पुढे आला. "धागा बांधून, चष्मा काढून..."

रॉजर थांबला. "धागा?"

आर्डिसने सांगितलं. आधी अडखळत, मग एका दमात. नवरा, त्याचे डोळे, चारचा सामना, गोलमधली पोर. सांगताना तिचे कान तापले. अनोळखी माणसापुढे घरचं दुखणं मांडणं तिला अब्रू वेशीवर टांगल्यासारखं वाटत होतं.

"अरेच्चा," रॉजर म्हणाला. "मग तुम्हीच घ्या की." पण हात दांड्यावरून उचलला नाही. बोलण्याची रीत होती ती. आता तिने नको म्हणायचं, त्याने अहो घ्या म्हणायचं, तिने छे म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या मार्गाने जायचं. रॉजरला हे ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं. आर्डिसच्याही जिभेवर 'नको' येऊन बसलं होतं.

तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "घेते."

रॉजरचं तोंड उघडंच राहिलं. त्याने बायकोकडे बघितलं, आणि बायको खो खो हसत सुटली.

"भोग आता! मोठा दानशूर! चल, उचल आणि ठेव त्यांच्या गाडीत."

आर्डिसने पैसे भरले. रॉजरने मुकाट्याने टीव्ही गाडीत ठेवला आणि पट्ट्याने आवळून बांधलाही. आर्डिसने लगेच गाडी घराकडे वळवली.

रस्ता निम्मा दिसत नव्हता. दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. चार वाजायला दहा मिनिटं असताना छपरावरच्या अँटेनाची तार टीव्हीला जोडली, आणि टीव्ही वाहिन्या शोधायला लागला. दहा टक्के. तीस. व्हर्ना देवाचं नाव घेत होती. साठ. ऑर्व्हिल नळीतून श्वास ओढत होता. मग चित्र आलं.

पहिली दहा मिनिटं आर्डिसने सामना बघितलाच नाही, ती ऑर्व्हिलचे डोळे बघत होती. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे. चकतीच्या बरोबर. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडली.

सिग्नेचा संघ दोन विरुद्ध एक गोलने हरला. तासाभराने फोन वाजला. आर्डिसने तो ऑर्व्हिलच्या कानाशी धरला.

"हरलो, आजोबा."

ऑर्व्हिलला दम खायला वेळ लागला. "दुसऱ्या गोलला," तो म्हणाला, "हातमोजा आधीच खाली आणलास. समोरची पोरगी मारायच्या आधी. आणि डाव्या पायाकडची जागा अजून उघडी ठेवतेस. किती वेळा सांगितलंय?"

पलीकडच्या पोरींच्या गलक्यातून सिग्नेचा आवाज आला.

"आजोबा, तुम्हाला दिसलं?"

"सगळं दिसलं. पहिला गोल अडवण्यासारखा नव्हता. दुसरा होता."

सिग्ने हुंदके देऊन रडायला लागली. ऑर्व्हिलने तिला रडू दिलं, आणि मग दम लागत होता तरी तिसऱ्या चुकीकडे वळला.