पत्र्याखालचा हिवाळा

मे महिन्यात आमच्या माळ्यावर पापड ठेवला तर वेगळा भाजावा लागत नाही, असं माझी बायको म्हणते. यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. आमचं घर कनेरगाव नाक्यावर, रस्त्याला लागून. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्या डोक्यावर फळ्या टाकून केलेला माळा, आणि त्याच्यावर, हात वर केला तर चटका बसेल इतक्या जवळ, लोखंडी पत्रे. चढायला शिडी. ज्या वस्तू टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नाही, त्या तीस वर्षं आम्ही तिथं नेऊन ठेवल्या. त्याच जागेत थंडी तयार करून मी मशरूम उगवणार होतो. तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असा झटका येतो. समोरच्या फाईली संपल्या की तो स्वतःच एक नवी उघडतो.

ही फाईल उघडायला कारणीभूत आमचा मुलगा. तो पुण्याला असतो, आणि दोन वर्षांपासून त्याचं एकच पालुपद होतं, "बाबा, तिथं आता आहे काय? घर भाड्यानं द्या आणि दोघं इकडे या." मी दर वेळी एक कारण काढायचो. आधी तिथली हवा, मग तिथलं पाणी, मग लिफ्टमध्ये मला येणारी चक्कर. श्रावणात कारणं संपली. व्हिडिओ कॉलवर तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता आणि मला सुचेना, तेव्हा मी ठोकून दिलं, "मला यायला जमायचं नाही. माझा प्रकल्प सुरू आहे."

"कसला प्रकल्प?"

त्याच सकाळी मी मोबाईलवर एका माणसाला घराच्या माळ्यावर आळंबी पिकवताना पाहिलं होतं. तेच सांगितलं. मुलगा हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत बघू. उगवलं तर तुम्ही तिथंच राहा, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही उगवलं तर मी गाडी घेऊन न्यायला येतो."

मी म्हणालो, मंजूर. बायको शेजारीच मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे संमती, असा आमच्या घरचा, म्हणजे माझा, नियम होता.

मग मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलाहून लहान, पण विषयात पक्क्या. मशरूमला चार गोष्टी लागतात, त्यांनी सांगितलं: पंचवीसच्या आसपास तापमान, हवेत ओल, अंधार आणि स्वच्छता. यांतला फक्त अंधार आमच्या माळ्यावर आधीपासून हजर होता.

पहिल्यांदा माळा रिकामा केला. मी वरून वस्तू द्यायचो आणि बायको खालून झेलायची. तांब्याचा बंब, मुलाचा पाळणा, एक पाय गेलेली तिवई, आणि मागच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खोका. उघडून पाहतो तर पांढरे कॅनव्हासचे बूट. गेल्या वर्षी ती महिनाभर मुलाकडे राहून आली, तेव्हा सुनेनं घेऊन दिलेले.

"हे माळ्यावर काहून ठेवलेत?" मी विचारलं.

"मंग कुठं ठेवू? इथं कुठं घालायचे?" ती म्हणाली आणि खोका घेऊन आत गेली. मला त्या वेळी थर्माकोलची चिंता होती.

थर्माकोल मी फ्रिजच्या दुकानांतून गोळा केला. पण पत्र्याच्या तापापुढं तेवढ्यानं भागणार नव्हतं. बायकोचं माहेर वसमतकडचं, हळदवाल्यांचं. तिच्या धाकट्या भावाला निरोप दिला तर त्यानं हळदीची रिकामी पोती गठ्ठ्यानं पाठवली. त्या पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीत उरलेला भुसा, ठासून भरलं, गोधडीसारखं टाचलं आणि पत्र्याच्या खाली पट्ट्या मारून बसवलं. त्याखाली थर्माकोल, त्याखाली प्लास्टिक. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात. माळ्याच्या छोट्या खिडकीत कुलर, आणि कुलरच्या तोंडाशी ओलं पोतं. आठ दिवस मी कुटारानं खाजत होतो. गुडघ्यांनी तर माझ्याशी बोलणंच सोडलं.

मग एका दुपारी बाहेर छत्तीस आणि माळ्यावर सव्वीस असा आकडा दिसला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या सातबाऱ्यांच्या नकला काढल्या, स्वतःचं असं काही उभं केलं नव्हतं. आता पत्र्याखाली दहा अंशांचा हिवाळा माझा होता. मी तापमानाची एक वही घातली आणि पहिल्या नोंदीखाली सवयीनं सहीही ठोकली.

गावानं आपल्या परीनं दखल घेतली. "काय हो, माळ्यावर कुत्र्याच्या छत्र्या लावून राहिले म्हणे?" असं लोक रस्त्यातून ओरडून विचारायचे. समोरच्या ढाबेवाल्याला मात्र माझ्यावर माझ्याहून जास्त विश्वास. पिशव्या भरायच्या आधीच त्यानं आपल्या फलकावर 'मशरूम मसाला' रंगवून घेतलं. कोणी मागितलं तर, "उद्या या, माल वर तयार होऊन राहिला," असं आमच्या पत्र्याकडे बोट दाखवून सांगायचा.

कुटार गरम पाण्यात भिजवून, निथळून, थरावर थर देत आणि मधे मशरूमचं बियाणं पेरत आम्ही चाळीस पिशव्या भरल्या आणि माळ्यावर दोरीला टांगल्या. आमच्याकडे ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो, हळदीकुंकवाशिवाय काहीच सुरू होत नाही. बायकोनं कोपऱ्यातल्या पहिल्या पिशवीच्या गाठीला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि हात जोडले. मला बरं वाटलं. म्हटलं, हिचंही मन यात आहे.

पंधरा-अठरा दिवसांत पिशव्या आतून पांढऱ्याफेक झाल्या. मॅडमनी सांगितलं होतं तसंच, कुटारात बुरशीचं जाळं घट्ट विणलं गेलं. मी मुलाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. त्या अंगठ्यात मला त्याची हार स्पष्ट दिसली.

आता पिशव्यांचं प्लास्टिक काढायचं आणि उघड्या गठ्ठ्यांवर दिवसातून दोनदा पाणी फवारायचं, एवढंच काम उरलं होतं. पण माझे गुडघे शिडी म्हटली की काकुळतीला यायचे. बायको म्हणाली, "तुमी नका चढू. मी मारत जाईन पाणी." सकाळ-संध्याकाळ ती पंप घेऊन वर जायची. माझ्या कुठल्याही कामात तिनं इतका उत्साह आजवर दाखवला नव्हता. मी खाली खुर्चीवर बसून विचारायचो, "सगळ्यांना बराबर मारलं का?" वरून उत्तर यायचं, "व्हय, बराबर मारलं."

चार-पाच दिवसांत मोड दिसायला हवे होते. आठवडा गेला. दसरा गेला. मी कण्हत शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत चढलो आणि तिथूनच बॅटरीच्या उजेडात समोरचे गठ्ठे पाहिले. मोड नाहीत आणि गठ्ठे जरा पिवळसर झालेले. पिकलं की पिवळं होतं, हे आपलं शेतीचं ज्ञान. मी वहीत लिहिलं, 'पीक पक्वतेकडे.' आणखी आठ दिवस गेले, पक्वता काही पुढं सरकेना. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा मुकाट्यानं पुन्हा शिडीवरूनच समोरच्या गठ्ठ्यांचा फोटो काढून मॅडमना पाठवला.

त्यांचा लगेच फोन आला. "काका, हे पिवळं काय आहे? हळद लागलीय का कुठून? हळदीनं बुरशी धरत नाही. आणि मशरूम म्हणजे बुरशीच ना, काका."

मी मान वर करून पाहिलं. पत्र्याखाली, प्लास्टिकच्या वर, माझी गोधडी. सगळी पोती हळदीची. हळदीच्या जिल्ह्यातला माणूस, हळदीच्या घरची बायको केलेला, आणि बुरशीची शेती हळदीच्या पोत्यांखाली मांडून बसला होता! माझं डोकं फिरलं. चूक आपली असली की राग दुसऱ्यावर काढायला बरा पडतो. खाली उतरून मी मेहुण्याला फोन लावला.

"अरे, पोती झटकून पाठवायची काही रीत हाय का न्हाई तुमच्याकडं? माझ्या सगळ्या मेहनतीची माती केली तू!"

तो बिचारा "भाऊजी, भाऊजी" करत राहिला. मी पुढचं बोलणार तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"त्याला काहून बोलून राहिले?" ती म्हणाली. "पोत्यांखाली प्लास्टिक हाय. त्याच्यातून कशी पडंल हळद? मी घातली. पंपाच्या पाण्यात. रोज."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्यातला मोठ्या मनाचा नवरा जागा झाला. मी म्हणालो, "जाऊ दे. तू भक्तीनं घातली असशील. हळदीनं बुरशी मरते, हे तुला बिचारीला काय ठाऊक."

"मला ठाऊक न्हाई?" तिचा आवाज चढला. "हळदीच्या घरची लेक हाय मी. दरसाल लोणच्यात हळद कोण घालतं? तुमी?"

मी खुर्चीवर बसलो. मग विचारलं, "मंग काहून घातली?"

"पैज तुमी लावली, पोरानं लावली. तुमी जिंकलं तं मी जलमभर इथं. मला कोणी इचारलं? मी तिथंच बसले व्हते शेंगा सोलत." ती थांबली नाही. "पुण्याला महिनाभर व्हते. रोज संध्याकाळी बूट घालून बागेत चालायची, चौघीजणी संगं असायच्या. इथं चार वाजल्यावर दाराबाहेर पाय टाकला तं इकडून ट्रक आन् तिकडून ढाब्यावरचे पेलेले लोकं. तीस वर्षं झाले, संध्याकाळी मी खिडकीतूनच पाह्यते. तुमी हापिसातून येऊन ढाब्यावर च्याला जायचे. मी कुठं जायची?"

मला राग आला होता, तो कुठं ठेवावा ते कळेना. आणि रागाच्या खाली लाज होती, ती त्याहून जड. तीस वर्षं रोज संध्याकाळी मी ढाब्यावर बसून समोर आमच्या खिडकीतला तिचा चेहरा पाहत आलो होतो. बाई रस्त्याची गंमत बघत असते, असं मला वाटायचं.

मग ती म्हणाली, "एक पिशवी सोडली मी."

"कोणती?"

"कोपऱ्यातली. पूजा केली व्हती ती. जिला हात जोडले, तिच्यावर असलं पाणी कसं मारू? तिला सादं पाणी मारलं."

गुडघ्यांना न विचारता मी शिडी चढलो. पांढऱ्या गठ्ठ्यातून, लहान लेकराच्या कानाएवढ्या, करड्या-पांढऱ्या छत्र्यांचे घोसच्या घोस बाहेर आले होते. मी हात लावला. थंड आणि ओले. मला इतका आनंद झाला की खाली काय बोलणं झालंय, ते मी क्षणभर विसरलो.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. अट काय होती? उगवलं तर. किती उगवलं तर, हे कोणी म्हटलं नव्हतं. कलमानुसार मी जिंकलो होतो. बायकोही मागोमाग वर आली होती. तिनं विळीवर भाजी कापावी तसे ते घोस चाकूनं कापले, ताटलीत घातले आणि माझ्यापुढं धरले.

"घ्या," ती म्हणाली. "उगवलं. सांगा पोराला."

तिच्या बोलण्यात कुजकटपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तसा तो नव्हता.

संध्याकाळी तिनं त्या छत्र्यांची भाजी केली. जन्मात जिनं कुत्र्याची छत्री घरात शिजवली नसती, तिनं कांदा घालून, काळा मसाला घालून परतली. मी पाटावर बसलो, ती चुलीसमोर भाकरी थापत होती. बाहेर ट्रक जात होते, आणि ढाबेवाला कोणाला तरी "उद्या या" म्हणून सांगत होता. पहिला घास तोंडात घेतला. भाजी झकास झाली होती. तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी तो दोघांनाही ऐकू येईल असा लावला.

"काय बाबा, आठच दिवस राहिले. उगवलं का काही?"

तोंडात घास तसाच होता. मी बायकोकडे पाहिलं. तव्यावर भाकरी टाकून ती तशीच बसली होती, पाठमोरी.

"न्हाई रे," मी म्हणालो. "न्हाई उगवलं. तू गाडी घेऊन ये."

भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी तिनं ती उलटली नाही.