वीतभर अंतराचं भिंग

रफूकाकूंच्या खोलीचं दार आतून लावलेलं असलं की काकू कामात आहेत असं समजायचं, आणि उघडं असलं की कुणावर तरी नजर ठेवून आहेत असं समजायचं.

इस्त्रीच्या ठिणगीनं जळलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, काहीही आणा. काकू त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायच्या आणि भोक असं बुजवायच्या की पुढे ते मालकालाही सापडायचं नाही. एका वकिलानं तर ‘रफू केलंच नाही’ म्हणून भांडण काढलं होतं. काकूंनी कोट उलटा करून दाखवला तेव्हा गृहस्थांनी मुकाट पैसे मोजले.

पण हे काम त्या करतात कसं, ते कुणी पाहिलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी एका बाईला हौसेनं शिकवलं होतं. वर्ष उलटायच्या आत तिनं समोरच्याच रस्त्यावर स्वतःची पाटी लावली. तेव्हापासून दाराला कडी. टेबलावर पितळी मुठीचं एक मोठं भिंग असायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, हेच काकूंचं हत्यार. प्रत्यक्षात ते निव्वळ देखाव्याला होतं. काकूंना लहानपणापासून लांबचं दिसत नसे. जाड चष्म्याशिवाय रस्त्यापलीकडची सख्खी बहीण ओळखू येत नसे. मात्र चष्मा काढून कापड डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर धरलं, की एकेक धागा दोरखंडासारखा उभा राही. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती. त्याच्या पोटात काही राहत नसे.

अशा डोळ्यांपुढे एक दिवस धुकं आलं. उभा धागा कुठला, आडवा कुठला, कळेना. एका धाग्याखालून घालायची सुई दोन धाग्यांखालून गेली.

काकूंचा पहिला संशय बल्बवर गेला. “हा बल्ब कुणी बदलला?”

“कुणी नाही, आई,” सून म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची, आणि काका वारलेले, मुलगा बोटीवर नोकरीला असल्यानं घरात या दोघीच.

दुसरा संशय कापडावर. हल्ली गिरणीवाले लबाडी करतात. तिसरा खिडकीच्या काचेवर. काचही पुसून झाली, तेव्हा सुनेनं काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त.

तिथे शस्त्रक्रियेची माहिती द्यायला एक मुलगी बसली होती. रंगीत चित्रं दाखवत ती गोड आवाजात बोलत होती. काकूंना गोड आवाजाचा जन्मजात तिटकारा.

“डोळ्यातलं तुमचं भिंग गढूळ झालंय, काकू. ते काढायचं आणि नवं बसवायचं.”

“काढलेलं मला परत द्याल?”

“अहो, त्याचा चुरा करून ओढून घेतात.”

“चुरा तर चुरा. माझा आहे ना? आणि नवं कशाचं?”

“एक प्रकारचं प्लास्टिकच म्हणा.”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. ज्या बाईनं आयुष्यभर परक्या कापडाचा एक धागा कधी वापरला नाही, तिच्या डोळ्यात ही पोर प्लास्टिक घालणार होती.

“एका भिंगानं एकच अंतर स्वच्छ दिसतं,” मुलगी सांगत होती. “बहुतेक लोक लांबचं घेतात. दुसऱ्या प्रकारच्या भिंगात लांबचं, मधलं, जवळचं, सगळं दिसतं. फक्त अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि बारीक रेघा किंचित फिक्या.”

“म्हणजे तिन्ही दिसणार आणि तिन्ही थोडं थोडं कमी!”

“तसं नाही हो काकू, चांगलं असतं ते.”

“चांगलं असतं तर वलयं कशाला सांगितलीस?”

मुलगी हसली. काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उत्तर नसलं की माणसं हसतात, असा त्यांचा अनुभव होता.

परत येताना सून म्हणाली, “लांबचंच घेऊ या का? आयुष्यभराचा जाड चष्मा जाईल. किती छान!”

हिला कसलं एवढं छान वाटतंय? काकूंना एकदम आठवलं. गेल्याच महिन्यात ही खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “आई, घरात सगळ्यात चांगला उजेड तुमच्याच खोलीत आहे.” आता पाणी कुठे मुरतंय ते कळलं. काम बंद पडलं की खोली मोकळी!

चौकातल्या इस्त्रीवाल्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. काकूंनी त्याला गाठलं.

“एकदम झकास, काकू! समोरच्या बँकेची पाटी इथून वाचतो.”

“आणि शर्टाचं बटण?”

“त्याला चष्मा लागतो ना. पूर्वी मी चष्मा काढून बटण लावायचो. आता चष्म्याशिवाय जवळचं सगळं पुसटच. पण बँकेची पाटी मात्र...”

“बँकेच्या पाटीला काय इस्त्री करतोस?” काकू म्हणाल्या आणि तिथून निघाल्या. वीतभर अंतरावरचं जग गेलं, तर त्यांच्याकडे उरणार काय? बँकेची पाटी!

भिंग पक्कं करायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मोजमापं पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली.

“काकू, तुमचा नंबर बराच मोठा आहे, मायनसचा. अशी माणसं जवळचं काम पुष्कळदा चष्मा काढून करतात. तुम्ही करता का?”

प्रश्न थेट कडीवर हात घातल्यासारखा आला. काकूंनी खोलीत नजर फिरवली. ती गोड आवाजाची मुलगी कोपऱ्यात उभी होती. आज हिला कळलं, की उद्या गावाला कळेल. रफूकाकू नुसत्या डोळ्यांनी काम करतात आणि ते डोळेच गेलेत!

“छे! चष्मा काढला तर मला काही दिसत नाही.”

“मग बारीक कामाला?”

“भिंग आहे पितळी. आणि आता काम तरी कुठे, घरकामच.”

“ठीक. मग लांबचं बसवू या. जवळच्या कामाला चष्मा देईन.”

ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्यांना जन्मभर जमलं होतं. शब्द मागे घेणं कधी जमलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

“डॉक्टर, आई चष्मा काढूनच काम करतात,” सून म्हणाली.

काकूंच्या बोटावरचा पदर सुटला.

“तुला कुणी सांगितलं?” काकूंचा आवाज चिरकला.

“कुणी कशाला सांगायला हवं? त्या पितळी भिंगावरची धूळ मीच पुसते ना! वापरातल्या वस्तूवर एवढी धूळ बसते होय? आणि चहाला दार उघडता तेव्हा चष्मा डोक्यावर असतो तुमचा.”

“एवढंच?”

सून जरा घुटमळली. “आणि दाराला फट आहे, बिजागरीजवळ.”

“बघा! बघा डॉक्टर! माझ्याच घरात माझ्यावर पाळत! मला वाटतच होतं, हिचा माझ्या खोलीवर डोळा आहे!”

“खोलीवर नाही हो, आई. हातावर.”

डॉक्टरीणबाईंनी आपल्या पांढऱ्या कोटाची बाही काकूंपुढे धरली. “खरं काय ते मला दाखवा. डोळ्यात गेलेलं भिंग असं सहज बदलता येत नाही.”

काकूंनी मुलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि बाही जवळ ओढली. डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं अंतर मोजलं.

“बरोबर वीतभर. मग याच अंतराचं भिंग बसवू. लांबचं बघायला चष्मा लावावा लागेल, पूर्वीसारखा. चालेल?”

“पळेल,” काकू म्हणाल्या. “पण ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.”

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर सून डोळ्यात थेंब घालायला आली, तेव्हा त्यांनी बाटली आधी आपल्या हातात घेतली, झाकणाचं सील तपासलं, वास घेतला आणि मगच डोळा वर केला. “तुमच्याच दुकानातले ना? म्हणून बघितलं.”

डोळा निवळल्यावर डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली. त्या सकाळी काकूंनी पडदा सारला, चष्मा काढला, डावा डोळा मिटला आणि हाताला लागेल ते कापड उचलून वीतभर अंतरावर धरलं. ती खुर्चीवर पडलेली सुनेची जुनी शाल होती. धागे दिसले. नुसते दिसले नाहीत, प्रत्येक धाग्याचा पीळसुद्धा दिसला. काकूंनी शाल डोळ्यांपुढून हळूहळू सरकवत नेली.

मग त्यांची नजर काठाजवळ थबकली. तिथे एक रफू होतं. चांगलं होतं, पण त्यांचं नव्हतं.

“अगं ए! इकडे ये! हे कुणाकडून करून घेतलंस? त्या समोरच्या बाईकडून?”

सून दाराबाहेर उभी राहिली. आत यायची या खोलीत पद्धत नव्हती. “नाही, आई. मी केलंय. फटीतून दिसलं तेवढं.”

काकूंनी शाल पुन्हा डोळ्यांजवळ नेली. चूक सापडल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. शेवटी सापडली.

“इथे दोन धाग्यांखालून सुई गेलीय.”

“फटीतून तुमची बोटं आड येतात ना. तेवढंच दिसत नाही.”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. चष्म्याविना एवढ्या लांबून तिचा चेहरा पुसट होता. ती हसते आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पायानं दुसरी खुर्ची खिडकीशी ढकलली.

“बस. आणि समोर पाटी लावायचा विचार असेल, तर आत्ताच सांग.”

“बसते. कडी लावू का?”

“लाव,” काकू म्हणाल्या. “आणि त्या फटीत आधी बोळा कोंब.”