नवं कार्ड आणि माझी पाचावर धारण

चालणाऱ्या मशीनचे किस्से होत नाहीत. हँग झालेल्या मशीनसमोर मात्र माणसाला दुसरं काही करताच येत नाही, बसायचं आणि बोलायचं. त्यामुळे कानडी मुलखातल्या आमच्या मल्लेश्वरमच्या ऑफिसात दसऱ्यानंतरच्या तीन आठवड्यांत इतके किस्से साठले, की आता चार मित्र जमले की "अगं, तो कार्डाचा सांग ना!" अशी फर्माईश होते. सगळे पोट धरून हसतात. तेव्हा माझी काय अवस्था होती, ते कोणी विचारत नाही!

ऑफिस म्हणजे तीन माणसं. मालक अण्णा, मूळचे बेळगावचे. रोहन पुण्याचा, तीन वर्षं इथे मुरलेला. आणि मी, नागपूरहून आलेली नवी. बांधायच्या आधी घर कसं दिसेल, ते आम्ही स्क्रीनवर आतून फिरवून दाखवतो. मी नागपूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. ती पर्मनंट नोकरी सोडून इथे आले होते, आणि माझ्या जागी तिथे दुसरी बाई केव्हाच लागली होती.

इंटरव्ह्यूत अण्णांनी विचारलं होतं, "मशीन उघडता येतंय काय गे तुला?"

"हो! कितीतरी कार्डं बसवलीत!"

बाप्पा रे! शाळेत मी 'संगणकाचे भाग' फळ्यावर काढले होते, तेवढेच. कॅबिनेट जन्मात उघडलं नव्हतं.

* * *

नवं ग्राफिक्स कार्ड आलं आणि अण्णांनी ते माझ्या हातात ठेवलं. "बसव. हुक्केरीसाहेबांचा बंगला यावरच दाखवायचाय. तो नीट दाखवलास, की तुझं पर्मनंटचं बघू."

रात्री व्हिडिओ बघून पाठ केला होता. कार्ड बसलं. मशीन सुरू झालं! मी बंगल्याचं एक चित्र तयार व्हायला लावलं आणि समोर बसून राहिले. अशा कामाला वेळ लागतो, म्हणून बसले, बसले, बसूनच राहिले.

रोहन मागून आला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे अजून अकरा बेचाळीसच वाजलेत. आम्ही जेवून आलो!"

* * *

रोहनचं आवडतं वाक्य म्हणजे "सोप्पंय!" त्याच्या मते जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर आत राहिलं होतं, ते सेफ मोडमध्ये जाऊन काढायचं. सेफ मोड लागला की स्क्रीनवरचं सगळं भलं मोठं दिसायला लागतं. नेमके तेव्हाच अण्णा आत आले.

"अक्षरं एवढी मोठी कशाला केलीस गे?"

मशीन बिघडलंय हे सांगायची माझी काय छाती! तोंडातून निघालं, "डोळे दुखतायत, अण्णा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर डोळ्यांच्या औषधाची बाटली, आणि शेजारी अण्णा उभे. "घाल बघू. माझ्यासमोर घाल."

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब घातले. मशीन हँग व्हायचं ते होतच राहिलं. डोळे मात्र ठणठणीत.

* * *

मग कार्ड काढून बघायचं ठरलं. रोहनने टॉर्च मारला आणि ओरडलाच, "सापडलं!" कार्ड जिथे बसतं त्या खाचेच्या तोंडाशी तांदळाचा दाणा!

दसऱ्याच्या आयुधपूजेला अण्णांनी ऑफिसातल्या सगळ्या मशीनना हळदकुंकू वाहिलं होतं, आणि अक्षता उघड्या कॅबिनेटवरही टाकल्या होत्या. चिमट्याने दाणा काढला. तासभर मशीन लोण्यासारखं चाललं. मला इतका आनंद झाला, की धावत जाऊन अण्णांना दाणा दाखवला. हळूहळू हँग होण्याचं प्रकरणही सांगून टाकलं. कार्डाचा दोष नव्हता, माझाही नव्हता. देवाचा होता!

अण्णा माझ्याबरोबर मशीनपाशी आले. त्यांनी माउस धरला, आणि स्क्रीन जागच्या जागी थिजला.

"बघ," अण्णा म्हणाले. "अक्षता काढलीस की तू!"

* * *

आता संशय विजेवर. रोहनने वॉचमनला खाली जाऊन आमच्या मजल्याचं मेन स्विच पाडायला सांगितलं. दिवसा दिवे-पंखे बंदच होते, त्यामुळे वीज गेली की नाही ते कळत नव्हतं. मी कॅबिनेटमध्ये हात घातला, पण भीती वाटली म्हणून परत बाहेर काढला. तेवढ्यात खालून वॉचमनची हाक आली, "करंट बंतू!"

करंट बंद. शंकाच नको! मी मनगटापर्यंत हात आत घातला.

फर्रर्र! कार्डाचा पंखा फिरला आणि बोटावर सपकन बसला. मी अशी किंचाळले, की समोर राहणाऱ्या अक्का गॅलरीत आल्या. मशीन विजेबरोबर आपोआप सुरू होणारं होतं, आणि वॉचमनने काम झालं समजून वीज परत सोडली होती.

"अगं, 'बंतू' म्हणजे आली!" रोहनचा चेहरा पांढरा पडला होता. "वीज आली म्हणून सांगत होता तो!"

बोट दोन दिवस सुजलेलं होतं. मला इथे येऊन अडीच महिने झाले होते, आणि एकदाचा एक कन्नड शब्द पाठ झाला.

* * *

शनिवारी मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दिवसभर तिथे एकदाही हँग झालं नाही! दुकानदार म्हणाला, "मशीन बराबर है मॅडम. आप टेन्शन मत लो."

येताना ऑटोत कॅबिनेट मांडीवर घेतलं. धक्का बसू नये म्हणून ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. सोमवारी हुक्केरीसाहेब येणार, आणि हे त्यांच्यासमोर बंद पडणार, याच विचाराने रडू फुटलं. प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला (इथे सगळेच अण्णा!) "स्वल्प हळू, अण्णा, स्वल्प हळू!" म्हणत होते.

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि ऑटोचा वेग एकदम वाढवला.

"कौनसा हॉस्पिटल, मॅडम?"

* * *

कारण पुढे मिळालं. कार्डाला वीज देणारी केबल अर्धीच बसली होती, माझ्याच हातून. पण ते कळलं मंगळवारी. आधी सोमवार होता.

हुक्केरीसाहेब आले. ते निपाणीचे, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायचे. मी माउसने त्यांना त्यांच्या बंगल्यात फिरवायला लागले. फाटक, हॉल, जिना. वरच्या मजल्यावर देवघराशी वळले, आणि स्क्रीन थिजला.

मी क्लिक केलं. पुन्हा केलं. काही नाही.

"हां, थांबा!" हुक्केरीसाहेब एकदम म्हणाले. "इथंच थांबा. बरोबर धरलंत तुम्ही."

ते पुढे वाकून देवघर बघायला लागले. समई कुठे ठेवायची, घंटा किती उंच टांगायची, आईंना खाली बसता येत नाही तर कट्टा केवढा करायचा. पाच मिनिटं बोलत होते. हे देवघर कधी संपूच नये, असं मला वाटत होतं.

मग ते मागे टेकून बसले. "झकास. हं, आता पुढं घ्या."

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता ते सगळ्यांसमोर सांगणार, की या बाईला कार्ड बसवता येत नाही.

अण्णा सावकाश उठले. भिंतीपाशी गेले, चप्पल शोधल्यासारखं केलं, आणि पायाच्या अंगठ्याने खालच्या बोर्डावरचं मशीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळाकुट्ट.

"अय्यो!" अण्णा म्हणाले. "करंट गेला की!"

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

हुक्केरीसाहेबांनी मान वर करून पंखा बघितला. मग अण्णांना बघितलं. मग मला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "करंट येईपर्यंत कॉफी सांगा. ह्या बाईंना आधी द्या."