वच्छलाबाईंनी विहिणीचं कौतुक केलं तेव्हा

वच्छलाबाईंनी कुणाचं कौतुक केलेलं अख्ख्या जुनवानीत कुणी ऐकलं नव्हतं. बाई मनाने वाईट नव्हत्या. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचाच जायचा, फक्त डब्यासोबत दोन टोमणेही जायचे. सुनेच्या आईवर, चरोद्याच्या विजयाबाईंवर, त्यांचा विशेष लोभ. विजयाबाई हौसेने पाटवड्या करून आणायच्या आणि वच्छलाबाई त्यांना 'रुळाखालची गिट्टी' म्हणायच्या. तोंडावर.

बाईंची शुगर जुनी. अलीकडे मधूनच छाती धडधडायची, एखादा ठोका चुकल्यासारखा व्हायचा. म्हणून डॉक्टरांनी एका संध्याकाळी छातीला तारा चिकटवून कमरेला डबी बांधली. दुसऱ्या संध्याकाळपर्यंतचे ठोके टिपणारी.

परतताना ऑटोत त्यांचे यजमान देवराव गंभीर चेहरा करून म्हणाले, "सांभाळून बोलजो वच्छला. याच्यात सगळं बोलनं टेप होते. उद्या डॉक्टर बसून आयकतीन."

दुसऱ्या दिवशी उजाडली तशी शांत सकाळ रेल्वेतून रिटायर झाल्यापासून देवरावांना लाभली नव्हती. दुधात पाणी होतं, तरी बाई दूधवाल्याला "या भाऊ" म्हणाल्या.

त्या दिवशी विजयाबाई जेवायला येणार होत्या. वच्छलाबाईंनी सकाळची शुगरची गोळी घेतली, पण नाश्त्याला हात लावला नाही. "ईनबाईसंगच जेवीन." आणि नेमकी लोकल रखडली. विजयाबाई पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पानं मांडली. विजयाबाईंनी घाबरतच पाटवडी वाढली. वच्छलाबाईंनी ती हातात धरली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ईनबाई, कशी लोण्यावानी झाली हो! तुमच्या हाताले सोन्याच्या बांगड्या पायजे."

पाटवडीला अजून दात लागला नव्हता. विजयाबाई आधी मागे वळून पाहू लागल्या, मग त्यांचे डोळे भरून आले.

देवराव खुसखुसले. "डॉक्टरले आयकवून राहिली."

तेवढ्यात वच्छलाबाई त्यांच्याकडे वळल्या. "आन् हे कोन पाव्हने? लई देखने दिसून राहिले!"

देवराव लाजले. लग्नापासून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. मिशीवरून हात फिरवत ते नीट सावरून बसले. पण सून नीतू घास टाकून उठली. सासूबाईंचं कपाळ घामाने डबडबलं होतं, हातातली पाटवडी थरथरत होती.

"बाबा, मिशी छोड़ो! आईची शुगर उतरली!"

तिने बोट टोचून पाहिलं. अठ्ठेचाळीस. सगळे साखरेच्या डब्याकडे एकदमच धावले. देवरावांनी घाईत मिठाचा डबा उचलला, तो विजयाबाईंनी हिसकून घेतला. विहिणीचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून, "घ्या बाई, घ्या" करत त्यांनीच घोट घोट साखरपाणी पाजलं. थोड्या वेळाने वच्छलाबाईंनी डोळे किलकिले केले आणि तोंड वाकडं केलं.

"एवढी साखर कावून टाकली? पाक करून राहिल्या काय जिलबीचा?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विजयाबाई तर हसता हसता रडल्या. शुगर वर आली की नाही ते पुन्हा तपासून नीतूने दोघींना जेवायला बसवलं.

संध्याकाळी डबीतली रेघ पाहून डॉक्टर म्हणाले, "दुपारी साखर उतरली तेव्हाच ठोकेही बिघडलेत. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. अशाने हृदय भलतंच बिथरू शकतं." त्यांनी गोळीही बदलून दिली.

"आन् आमचं बोलनं आयकलं का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कुठलं बोलणं?"

बाईंनी सावकाश मान वळवून देवरावांकडे पाहिलं. घरी पोचेपर्यंत त्या एका दिवसाची सगळी थकबाकी देवरावांना ऑटोतच मिळाली.

आता विजयाबाई चरोद्याहून निघायच्या आधी फोन करतात. "खाल्लं का?"

"मले काय लहान लेकरू समजता?" वच्छलाबाई फणकारतात. बोलताना तोंडात पोह्याचा घास असतो.