साकवावरचं विमान

तळहात उताणा करून ते हवेत तरंगवायचे आणि म्हणायचे, “पायलट उलटा लटकलाय, तरी इंजिन चालूच. मानलं की नाही?” मानायलाच लागे. नाहीतर उलट्या विमानात पेट्रोल इंजिनापर्यंत कसं पोचतं, ते पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागायचं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली ही गोष्ट. रत्नागिरीच्या आमच्या सरकारी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते, मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. दिवसभर ओढ्यांवरच्या साकवांचे, म्हणजे छोट्या पुलांचे, नकाशे काढायचे. विमान जवळून कधी पाहिलेलं नाही हो! राजिवड्याचा एक खलाशी बोटीवरून परदेशी मासिकं आणून देई. त्यातलं एका माणसापुरतं, कसरतीचं विमान ह्यांच्या डोक्यात बसलं. पंख असेच का, कुठल्या स्पर्धेत ते पहिलं आलं, सगळं तोंडपाठ. “कसरत करताना आखलेल्या हद्दीबाहेर गेलं म्हणून गुण कापले मेल्यांनी!” हे अशा तळतळाटाने सांगत, की जणू पोटच्या पोराचे कापलेत.

घरी वडील, अप्पा, अर्धांगाने पडलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होत. दुसरं कोणी नव्हतं. कामातून उठून हे तेवढ्यासाठी धावत घरी जाऊन येत. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, सदा घड्याळाकडे डोळा असलेला.

एकदा घोटाळा झाला. साकवाच्या पारदर्शक ट्रेसिंग कागदाच्या पाठीवर ह्यांनी पेन्सिलीने ते विमान काढलं आणि पुसायला विसरले. ब्लू प्रिंटमध्ये खाली साकव, वर उलटं विमान! आम्ही म्हटलं, झालं, आता बोंबला. पण साहेब कितीतरी वेळ बघत राहिले. बंगलोरच्या विमान कारखान्यातल्या मित्राला त्यांनी पत्र घातलं आणि महिन्याभरात ह्यांना चक्क नेमणूक आली.

“जा हो! बघताय काय?” मी म्हटलं.

“अप्पांना कुशीवर कोण वळवणार?”

मला राग आला. ह्यांचा, अप्पांचा, सगळ्यांचाच. नकाराचं पत्र त्यांनी मलाच लिहायला लावलं आणि पेटीतही मलाच टाकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून पाहतो, तर हे टपालपेटीपाशी उभे, फटीत बोटं घातलेली. पोस्टमन आला. ओळखीचाच. पेटी उघडून त्याने गठ्ठाच पुढे केला. “तुमचं कुठलं? घ्या काढून. मी नाय सांगत कोणाला.”

माझं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. पाकीट काढलं, थोडा वेळ धरलं आणि परत गठ्ठ्यात ठेवलं.

“राहू दे,” म्हणाले. “आठ वाजले. अप्पांची कूस बदलायचीय.”

आणि झपाझप घराकडे निघाले. मी हाक मारायला हवी होती. नाही मारली.