लावणाऱ्याने अर्ज करायचा नाही

कॉलेजच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये एकदा असं भांडण जुंपलं, की बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशीचा हात जागीच थांबला. कॉम्प्युटरशी तिची ओळख धूळ पुसण्यापुरती; पण आतला एक आवाज तिच्या भाचीचा होता. आईविना राहिलेल्या या पोरीला मावशीनेच वाढवलेलं. घरातली थोरली म्हणून सगळे तिला ताई म्हणत, मावशीसुद्धा.

क्लबची स्वतःची वेबसाइट होती. तिच्यावर नोकरीच्या जाहिराती लावाव्यात, असं ताईचं म्हणणं. अध्यक्ष झालेल्या मुलाला ते पटत नव्हतं.

"आपण इथे शिकायला जमतो. उद्या कंपन्या डोक्यावर बसतील. क्लब आहे की बाजार?"

"तुझा काका कंपनीत साहेब आहे, तुला जाहिरात कशाला लागते? काका नसलेल्यांनी काय करायचं?"

"म्हणजे तुझ्यासारख्यांनी. सरळ सांग ना. जाहिराती तुझ्या हातात येणार, त्यातली चांगली तू आधी गिळणार."

कुणीतरी हसलं. हातातलं ओलं फडकं त्या पोराच्या तोंडावर मारावं, असं मावशीला फार वाटलं.

"मग घाला नियमात," ताई म्हणाली. "जाहिरात लावणाऱ्याने त्या नोकरीला अर्ज करायचा नाही. घरच्यांनाही आधी कळवायचं नाही. आणि लावायचं काम माझं."

पोरगी भांडण जिंकली आणि आपल्याच पायावर धोंडा मारून बाहेर आली.

"अगं, नोकरीची गरज सगळ्यांत जास्त तुला," घरी मावशी म्हणाली. "लावू दे की दुसऱ्या कुणाला."

"दुसरं कुणी लावणार नाही, मावशी. सगळ्यांनाच नोकरी हवीय."

तसंच झालं. जाहिराती सगळ्यांना आवडल्या, लावायला कुणी पुढे येईना. ताईने मात्र काम मन लावून केलं. जाहिरात आली की जेवणाच्या सुट्टीत त्या कचेरीच्या गेटावर जाऊन उभी राहायची. बाहेर येणाऱ्यांना विचारायची, पगार वेळेवर होतो का, बायकांना वेगळा संडास आहे का, साहेब अंगावर ओरडतो का. उत्तरं धड असली तरच जाहिरात लागायची. जावई शोधत असल्यासारखी चौकशी करते, म्हणून एका मॅनेजरने तक्रारही केली.

शेवटच्या वर्षी एक जाहिरात आली, जणू तिच्यासाठीच बेतलेली. ती शिकली तेच काम, घराजवळ, पगार चांगला. गेटावरच्या बायकाही हसतमुख निघाल्या. त्या दिवशी ताई मशीनसमोर नुसतीच बसून राहिली. मावशीने केर काढला, पंखा पुसला, पुसलेला पंखा पुन्हा पुसला. मग ताईने जाहिरात लावली.

नोकरी तिच्याच वर्गातल्या एका मुलीला लागली. ती आभार मानायला घरी आली तेव्हा ताईने चहा केला, गप्पा मारल्या, दारापर्यंत पोचवलं. कप धुताना मात्र नळ बराच वेळ चालू होता.

पुढे ताई प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात चिकटली. त्या दुकानाने जाहिरात दिलीच नव्हती, म्हणून ती नोकरी तिला चालली. बोटांना कायम शाई. क्लबमधली मुलं येत गेली, जात गेली. जाहिराती ताईकडेच राहिल्या. अधूनमधून ती विचारायची, "कुणी घेता का हे काम?" मुलं मान खाली घालून हसायची.

मग तिचं हृदय दगा देऊ लागलं. शेवटची जाहिरात आली ती एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाची. शेवटची, हे तेव्हा कुणाला ठाऊक? एकटीला सोडवेना, म्हणून म्हातारी मावशी सोबत गेली. गेटावरची सगळी उत्तरं तिनेही ऐकली. चांगली जागा होती. आणि घरी मावशीची नात, शिकून सवरून, कधीपासून बसून होती.

परतताना बसमध्ये मावशीला राहवेना. "पोरीला आजच सांगू या का? अर्ज तेवढा आधी जाईल. कुणाला कळतंय? आभाळ कोसळणार आहे का?"

"नाही कोसळणार," ताई धापा टाकत म्हणाली. "पण मग ती घराजवळची नोकरी मी काय म्हणून सोडली होती?"

मावशीने खिडकीबाहेर तोंड केलं.

दार नातीनेच उघडलं. "कुठे गेला होतात गं दोघी?"

मावशीच्या ओठांवर आलं होतं. ताईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भिंतीला धरून चप्पल काढत होती.

"पाय मोकळे करायला," मावशी म्हणाली. "पाणी आण तिला."

पाणी पिऊन ताई घरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. चष्मा लावला. जागा, काम, पगार टाइप केला. खाली लिहिलं, बायकांसाठी वेगळा संडास आहे, साहेब शांत आहे. एकदा वाचून पाहिलं, एक चूक सुधारली, आणि जाहिरात लावली. मग नातीला हाक मारली.

"वेबसाइट बघ गं. आता सगळ्यांना दिसतेय."

तिने चष्मा काढून मिटून ठेवला, खुर्ची आत सरकवली आणि जरा पडते म्हणून गेली.