देवाची फांदी

आलापल्लीला एसटीतून उतरलो तेव्हा अंगातला उत्साह घामावाटे वाहून गेला होता. पुढे एका मोटारसायकलच्या मागे बसून, तोंडभर धूळ खात गावात पोचलो. ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या मैनीबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच बांधावरच्या चाराच्या (चारोळीच्या) झाडापाशी नेलं. मला खरं तर खाट हवी होती.

झाड हिरव्या फळांनी लगडलं होतं. "फळ काळं झालं का मंगच दाणा भरते," त्या म्हणाल्या. दरवर्षी त्या बिया तशाच व्यापाऱ्याला देत. यंदा मात्र जात्यावर फोडून नुसते दाणे विकायचे होते, कारण त्याला भाव कितीतरी चढा. त्यातून पावसाआधी घरावर नवे कवेलू (कौलं) चढवायचे. बहिणीकडून जातंही आणलं होतं. आता वाट फक्त पंडुमची (नवं फळ देवाला दाखवायच्या सणाची) होती. त्याआधी या गावात कोणी फळ तोडत नाही.

संध्याकाळी भात आणि सुक्या मासळीचा रस्सा जेवलो. त्यांचे यजमान लालसूभाऊ ताटावरून लवकर उठले. पलीकडच्या गावाने शिवेवरची झाडं कच्चीच ओरबाडून नेलेली ते पाहून आले होते.

सकाळी उठलो तर अंगणात हिरव्या फळांचा ढीग. शेजारी लालसूभाऊ, हातापायांवर ओरखडे.

"काऊन तोडलं जी?" मैनीबाईंनी विचारलं.

"मी नाई तोडलं असतं तं ते लोकं नेत होते."

बाईंनी दगडाने एक बी फोडली. आत पाणचट, पांढरा पापुद्रा. दुसरीतही तेच. मला फार वाईट वाटलं.

आम्ही बांधावर गेलो. बोडक्या झाडावर एकच फांदी भरलेली होती.

"ते देवाची हाय," लालसूभाऊ म्हणाले.

"देवाले थांबता येते, तं तुमाले काऊन नाई आलं?"

 दुपारी बाई डोक्यावर जातं घेऊन बहिणीकडे निघाल्या आणि मी परतीच्या एसटीकडे.

घरी आल्यावर श्रीखंडासाठी चारोळी आणायला गेलो. पुडीत निम्मे दाणे चिपाड होते. वाणी म्हणाला, "कच्चंच तोडतात हो. धीर म्हणून नाही त्या लोकांना."

"एक फांदी ठेवली होती त्यांनी," मी म्हणालो.

मला ऊन लागलंय असं त्याला वाटलं असावं. त्याने पंखा माझ्याकडे वळवला.